ओहोटीत पाहिलेली बोट

आजोबा बोटीखाली चिखलात उताणे पडले होते आणि आत्या त्यांच्या पायांशी भांडत होती.

पायच दिसत होते, करणार काय. बाकीचे आजोबा बोटीच्या पोटाखाली, हातात लाकडी हातोडी. वीतभर सरकले की ठक, परत सरकले की ठक, कुठे पोकळ वाजतंय का ते ऐकायला. आत्या म्हणाली, डोकं तरी बाहेर काढा, मी बोलतेय. खालून ठक. सोलेन आत्या व्हान शहरातल्या हॉस्पिटलात तेवीस वर्षं नर्स आहे. पेशंट ओरडला तर तिला चालतं, गप्प राहिला की तिचं डोकं फिरतं.

ईस्टरचा सोमवार होता आणि भरतीचा आकडा सत्त्याण्णव. आमच्या आखातात फ्रिजवर दुसरं काही नसलं तरी भरतीच्या आकड्यांचं कॅलेंडर असतं. लग्नाची तारीखसुद्धा आधी त्यात बघतात, मग पाद्र्याला विचारतात. सत्त्याण्णव म्हणजे दुपारी खाडी पार रिकामी आणि संध्याकाळी काठोकाठ. ओदिक बाईंच्या विकाऊ बोटी खाडीच्या अगदी वरच्या टोकाला ठेवलेल्या, तिथे पाणी पोचतं ते अशा मोठ्या भरतीलाच. बाईंनी सकाळीच सांगून टाकलं होतं, की घ्यायची असेल ती आजच्या पाण्यावर घेऊन जा, नाहीतर पंधरा दिवस ती इथून हलत नाही, आणि शनिवारी रेन शहरातलं एक जोडपं बघायला येतंय.

म्हणजे संध्याकाळपर्यंत आत्याने हो म्हणायला हवं होतं.

बोट आजोबांची, पैसे आजोबांचे, आणि हो मात्र आत्याचं. का, ते घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. ऑक्टोबरात आजोबा ओहोटीत एकटेच गेले, चिखलात जाळीच्या पोत्यांत आम्ही कालवं वाढवतो तिथे, पाय रुतला, चक्कर आली. पप्पा बार्ज घेऊन पोचले तेव्हा पाणी छातीला लागलं होतं. हॉस्पिटलात आत्याने त्यांच्याकडून शब्द घेतला, मी हो म्हणेपर्यंत पाण्यावर एकटं जायचं नाही. आमचा म्हातारा पत्त्यांत फसवतो, डॉक्टरला खोटं सांगतो, पण शब्द दिला की दिला. सहा महिने ते धक्क्यावर उभे राहून दुसऱ्यांच्या बोटी मोजत होते.

जानेवारीत जेवताना एकदम म्हणाले, मला शिडाची बोट घ्यायचीय. पप्पांच्या हातातला काटा थांबला. पन्नास वर्षं इंजिनच्या सपाट बार्जवर कालवं वाहिलेला माणूस. शीड म्हणजे पॅरिसवाल्यांची चैन, हे त्यांचंच बोलणं. आई म्हणाली, आता का? तर म्हणाले, "पन्नास वर्षं मी इंजिन ऐकलं. हे आखात कसं वाजतं ते मला माहीतच नाही."

दुसऱ्या बुधवारपासून ते शीड शिकायला जायला लागले, आठ वर्षांच्या पोरांबरोबर, टबाएवढ्या होड्यांत. पोरं त्यांना सरळ नावाने हाक मारायची, जोब. मास्तर बरोबर असायचा, म्हणजे शब्द मोडत नव्हता. मार्चपर्यंत मास्तरच म्हणाला की आता माझ्याकडे शिकवायला काही उरलं नाही. तेव्हा आत्याने अटी घातल्या. बोटीत आम्ही पाचही जण मावलो पाहिजे, म्हणजे रविवारी त्यांच्याबरोबर जाता येईल. आणि एकट्याला झेपली पाहिजे, कारण रविवार आठवड्यात एकच असतो. दोन्ही जमत असेल तर बघू. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोणी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत नाही. आजचा नकार म्हणजे कायमचा नकार, हे आत्यालाही कळत होतं. म्हणून तर ती पायांशी भांडत होती.

चिखलात दोनच बोटी आमच्या कामाच्या होत्या.

एकीचं नाव आवेल. निमुळती, निळी, खाली एकच खोल कणा. ओहोटीत आडवी पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी कुबड्या लावलेल्या. दुसरी बिगोर्नो. आम्ही टाचणीने उकरून खातो त्या काळ्या शंखाचं नाव, आणि दिसायलाही तशीच, फुगीर, आखूड, वर मळकट पांढरी. पण तिला कणे दोन, त्यामुळे चिखलात आपली आपण उभी.

पप्पा आल्यापासून आवेलजवळच होते. कोपराने तिची बाजू पुसत होते, कोणी बघितलं की खिशात हात घालत होते. पप्पा अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत. पंधराव्या वर्षी त्यांना शर्यतीच्या बोटीवर घ्यायला एक माणूस घरी आला होता. आजोबांनी त्याला दारातच विचारलं होतं, मग पोती कोण उलटणार? तो माणूस गेला आणि पप्पा पोती उलटायला गेले, ते अजून उलटतायत. हे सगळं त्या कोपरात होतं. आई ते बघत होती. मी पण.

"ही वाऱ्याच्या तोंडावर जाते," पप्पा म्हणाले. "ती दुसरी नुसती बाजूला घसरत राहील, खेकड्यासारखी."

मी पण आवेलच्याच बाजूने होते, खोटं कशाला बोलू. आवेल बघितली की पळत जाऊन चढावंसं वाटायचं. बिगोर्नो बघितली की भूक लागायची.

आजोबा शेवटी बाहेर आले. पाठभर चिखल, केसांत शेवाळ. आधी आवेलजवळ गेले, डावी कुबडी हाताने हलवली, तिच्या पायाशी किती चिखल दबलाय ते वाकून बघितलं. मग बिगोर्नोला पाठ टेकून उभे राहिले, भिंतीला टेकतात तसे.

"ही," ते म्हणाले.

पप्पांच्या वतीने मीच बोलले. आवाज चढलाच. म्हटलं, आजोबा, समोर घोडा उभा आहे आणि तुम्ही गाय निवडताय. म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा शीड घेताय तर निदान शिडासारखं काहीतरी घ्या, लोक हसतील. आत्या म्हणाली, अझेनोर, तोंड सांभाळ. आजोबा माझ्यावर कधी चिडत नाहीत. मी शाळा सोडली तेव्हा फक्त एवढंच म्हणाले होते, उद्या पाच वाजता उठ, पोती आहेत.

"गाय आपली आपण उभी राहते," ते म्हणाले. "समजा पाणी उतरतंय, मी एकटा आहे. त्या घोड्याला कुबड्या कोण लावणार? डावी लावेपर्यंत उजवीकडे कलंडेल."

उत्तर पप्पांनी दिलं, पण ते कुबड्यांबद्दल नव्हतं.

"पंधराव्या वर्षी मला नाही म्हणालात," पप्पा म्हणाले. अगदी हळू, चिखलाकडे बघत.

आईने थर्मासचं झाकण घट्ट केलं, ते आधीच घट्ट होतं. आजोबांनी हातातला चिखल पँटला पुसला.

"चुकलो तेव्हा," ते म्हणाले. "पण म्हणून आता तुझ्या मनातली बोट मी घ्यायची, हे बरोबर नाही गिरेक. ती तू घे. पोत्यांचं बघू आपण."

पप्पा आवेलच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. परत आले तेव्हा त्यांनी कालवं उघडायला घेतली. त्या दिवसापुरतं ते बिगोर्नोच्या बाजूने झाले होते, आणि कोणीही त्यांना तसं व्हायला सांगितलं नव्हतं.

खडकावर बसून जेवलो. चार डझन कालवं, पाव, लोणी आणि आईने केलेला मनुकांचा जाड केक. माझी आई डोंगराकडची, ओव्हेर्न्यची. झोपाळा नुसता बघितला तरी तिला मळमळतं. बोटीच्या बाबतीत तिचं मत कोणी विचारलंच नव्हतं. जेवण झाल्यावर ती उठली, ओदिक बाईंची ॲल्युमिनियमची शिडी बिगोर्नोला लावून वर चढली आणि म्हणाली, सगळे वर या, कॉफी इथे घेऊ.

आम्ही चढलो. मागच्या बसायच्या खोलगट जागेत पाच माणसं, पाच कप, उरलेला केक. कोणाचा गुडघा कोणाला लागत नव्हता. आईने एकेकाकडे बघून घेतलं, जेवायला वाढताना बघते तसं. मग खाली उतरून तिने हेच आम्हाला आवेलवर करायला लावलं. आवेलवर मी आत्याच्या मांडीवर होते आणि पप्पांचा कप समुद्राच्या बाजूला लोंबकळत होता.

"मला वाऱ्यातलं कळत नाही," आई म्हणाली. "पण या निळीवर मी एकदाच येईन आणि दुसऱ्यांदा काहीतरी कारण सांगेन. त्या जाडीवर मी येईन."

ती येईन म्हणाली यावर पप्पांचा विश्वास बसेना. आत्याचाही. तिथून आत्याचं बदलायला लागलं. आधी ती नाही कसं म्हणायचं ते शोधत होती, आता प्रश्न विचारायला लागली. शीड लहान करायचं तर पुढे चालत जावं लागतं का? नाही, सगळे दोर मागे सुकाणूपाशी आणलेत. पुढचं शीड? गुंडाळतं, एक दोर ओढला की झालं. आजोबांनी प्रत्येक दोर तिच्या हातात दिला आणि ओढायला लावला. आत्याने आयुष्यात कधी शिडाला हात लावलेला नव्हता. तिने पुढचं शीड अर्धं उघडलं, परत गुंडाळलं, परत उघडलं. तिला मजा वाटतेय हे तिने लपवलं, पण कान लाल झाले होते.

साडेचारला पाणी आलं. आमच्याकडे पाणी येताना आवाज होत नाही, नुसता चिखलाचा रंग बदलतो. आधी आवेलच्या कुबड्या भिजल्या, मग बिगोर्नोचे कणे. ओदिक बाईंनी चढायची शिडी काढून नेली. सहाला जरा कमी असताना बिगोर्नो हलली, अंग झाडल्यासारखी, आणि तरंगली. पप्पांनी तिला दगडी उताराशी ओढून घेतली. पुढचा दोर आत्याने धरला, मागची बाजू खोल पाण्यात.

"बरं," आत्या म्हणाली. "मला चालेल."

बस्स एवढंच. आजोबा सुकाणूपाशी बसले होते. ते हसले नाहीत, फक्त टोपी काढून परत घातली. आई आत जाऊन केक ठेवायला जागा बघायला लागली. पप्पा म्हणाले, सव्वासहाला पाणी थांबेल, मग उतरत्या पाण्यावर सगळे मिळून जाऊ. ओदिक बाई कागद आणायला गेल्या.

आणि तेव्हा मला ते दिसलं.

बोटीच्या मागच्या बाजूला घडीची लोखंडी शिडी होती. पाण्यातून वर यायची. ती वर उचलून कठड्याला बांधलेली होती आणि गाठ आतल्या बाजूला होती. पाण्यात पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचणं शक्यच नाही. वर कोणी असेल तर तो सोडेल. वर कोणी नसेल तर?

दिवसभर पाच माणसं त्या बोटीला हात लावत होती. आजोबांनी खालून इंच न् इंच वाजवली. पण आम्ही कालवांची माणसं, आमचं काम ओहोटीचं. बोट बघायची ती चिखलात उभं राहून, खालून, हे आमच्या हाडात आहे. वर चढायला दुसरीच शिडी होती, म्हणून या शिडीकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. पाण्यात पडून बोट कोणी बघितलीच नव्हती.

बोलले तर आत्याचा होकार जाणार. आत्ताच मिळालेला, अजून गरम. नंतर गुपचूप आजोबांना सांगता आलं असतं. मी तेच ठरवलं होतं, खरंच. पण आजोबा सुकाणूवर हात ठेवून बसले होते आणि त्यांच्या मागे ती गाठ. मला राग आला, कोणावर ते माहीत नाही. मी बूट काढले आणि मागच्या बाजूने पाण्यात उडी मारली.

अकरा अंशांचं पाणी. छातीतून हवाच गेली. वर आले तर तिघांचे हात माझ्याकडे आलेले.

"हात नका देऊ," मी म्हटलं. "बोटीवर कोणी नाहीये असं समजा."

पप्पांना वाटलं मला वेड लागलं. मी बोटीची बाजू पकडायला गेले. फुगीर, बुळबुळीत, बोटं कडेला पोचायची आणि सुटायची. दोनदा उसळी मारली. शिडीची खालची पायरी माझ्या डोक्याच्या वर, आणि दोर त्याच्याही वर. मी सतरा वर्षांची आहे, दिवसाला दोनशे पोती उलटते. मला वर येता आलं नाही.

आत्याला आधी कळलं. हातातला दोर तसाच धरून ती उताराच्या टोकापर्यंत आली होती. त्या वेळी तिला मी दिसत नव्हते. ऑक्टोबर दिसत होता, हे तिने मला नंतर सांगितलं, पण सांगायची गरज नव्हती. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"मी जे म्हटलं ते परत घेते," ती म्हणाली.

पप्पांनी मला दंडाला धरून वर ओढलं. आईने आपला कोट माझ्याभोवती गुंडाळला आणि कोटासकट एक धपाटा घातला. आजोबांनी वाद घातला नाही. खिशातून कालवांची सुरी काढली आणि ती गाठ कापली. मग पातळ दोर घेतला आणि शिडी परत बांधली, पण वेगळी, एका ओढीत सुटेल अशा गाठीने. दोराचं टोक पाण्यात सोडलं आणि टोकाला बुचाचा तुकडा लावला, तरंगत राहायला. त्यांची बोटं जाड आहेत, दोन वाकडी आहेत, पण गाठ मारताना बघत राहावंसं वाटतं.

मग टोपी आईकडे दिली.

"बाबा, नाही," आत्या म्हणाली.

ते पाण्यात गेलेसुद्धा.

वर आले तेव्हा ओठ लगेच निळे पडले होते. पप्पा पुढे झुकले. आत्या तिथूनच म्हणाली, "गिरेक, हात मागे घे." आणि मग मी बघितलं, ती स्वतः दोर काखेत दाबून दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती, एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून. तिच्या कामात तिने आजवर एवढी अवघड गोष्ट केली नसेल. आजोबांनी बुचाचा तुकडा पकडला, ओढला. शिडी धाडकन खाली आली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, घसरला. परत ठेवला. मध्येच थांबले, शिडीला कपाळ टेकून, इतका वेळ की आईने डोळे मिटले. मग एक पायरी. मग एक. मग ते बोटीत होते, गुडघ्यांवर, आणि खोकत होते.

आत्या हॉस्पिटलच्या आवाजात म्हणाली, कपडे काढा, सगळे, माझ्या पिशवीत कोरडे आहेत. ऑक्टोबरपासून ती कोरडे कपडे घेतल्याशिवाय कुठे जात नाही. पँट पप्पांची होती, खालून चार घड्या घालाव्या लागल्या.

आजोबा स्वेटरमधून डोकं काढत होते तेव्हा तिने विचारलं, "आणि शीड भरलेलं असेल, बोट तुम्हाला टाकून पुढे निघून गेली, तर शिडीचं काय करायचं?"

हा प्रश्न बुधवारच्या मास्तरनेही विचारला नसेल. त्या दुपारपर्यंत शिडाला कधी हात न लावलेल्या बाईने तो विचारला. उत्तर पप्पांनी दिलं. ते उडी मारून उतारावर गेले, ओदिक बाईंच्या शेडमधून छातीला बांधायचा पट्टा घेऊन आले, त्याला लांब वादी आणि टोकाला आकडा. हा बोटीला अडकवायचा, म्हणजे पडायचंच नाही. आमच्या खाडीत असला पट्टा कोणी घालत नाही. पॅरिसवाले घालतात आणि आजोबा त्यांना कुत्रे फिरायला निघाले म्हणतात, मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं.

पप्पांनी पट्टा पुढे धरला. आजोबा त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात वर केले, लहान पोराला आंघोळीनंतर कपडे घालताना करायला लावतो तसे. मी उतारावर आले, आत्या दोर माझ्या हातात देऊन बोटीत चढली आणि तिने बकल लावलं, ओढून बघितलं, परत ओढलं.

"एकटा जाईन तेव्हा बांधलेला जाईन," ते म्हणाले. "शब्द."

आत्या मान खाली घालून आकडा उघडत होती, बंद करत होती. खाडीतलं पाणी थांबलं होतं. उताराच्या दगडावरची ओली रेघ ना वर जात होती ना खाली.

"उतरा सगळे," आत्या म्हणाली.

आईला वाटलं बेत मोडला. ती केक घेऊन उठली. "केक राहू दे तिथे," आत्या म्हणाली. "आपण उतरतोय. ते नाही."

बाकीचे उतरले. आजोबांनी आकडा अडकवला, मोठं शीड वर ओढलं. वारा मागून होता, अगदी हलका. आत्याने माझ्याकडून पुढचा दोर घेतला. क्षणभर दोन्ही हातांत धरून ठेवला. मग नीट गुंडाळून बोटीवर टाकला आणि पायाने बोटीला ढकललं.

बिगोर्नो निघाली. आवाज काहीच नाही, फक्त तिच्या तोंडाशी पाणी चिरल्याची बारीक खसखस. आजोबांनी मागे वळून बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं, पुढे वळण होतं.

पप्पा बार्जकडे धावत सुटले. नुसतं मागून जातो, म्हणत होते, लांबून, त्यांना कळणारही नाही. आत्याने त्यांची कॉलर धरली.

"मागे कोणी असेल तर ते एकटे कसले," ती म्हणाली. "बस इथे."

आणि ती स्वतःच आधी बसली, ओल्या दगडावर, चांगल्या पँटमध्ये.